बाकानाए

कापड उचलायला दोन दिवस उशीर झाला.
शोनाईच्या मैदानात एप्रिलचा गारठा,
गास्सान डोंगरावर अजून बर्फ.
साएको चंदेरी कापड बाजूला करते:
थाळ्यांमधली भाताची रोपं
पांढरी, बारीक, लांबुळकी,
जणू कुणी हाक मारलीय
आणि कुठून ते कळत नाहीये.

"घाई झालीय सगळ्यांना."
अंधारात घाईच असते.
उजेड सापडेपर्यंत नुसतं वर जायचं;
कोवळ्या खोडात जिबरेलिनचा लगाम सैल.
ऊन पडलं की पानातलं काहीतरी म्हणतं, पुरे.
मग ती हिरवी होतात, जाड होतात,
बुटकं राहायला शिकतात.

पंधरवड्याने बघावं तर
एक थांबलेलंच नाही.
इतरांहून चार बोटं वर, फिकट, डुलत.
"बाकानाए," कुनिहारू म्हणतो. वेडं रोप.
शाळेत शिकलाय तो: बुरशीच पाजते त्याला
तेच जिबरेलिन, पोट फुटेस्तोवर.
ऊन कानाशी ओरडतं,
त्याला ऐकू येत नाही.

कुनिहारू चौदाचा.
या हिवाळ्यात त्याच्या विजारी घोट्यांवर चढल्या.
दारातून येताना मान आधीच खाली,
बोलतानाही तशीच.

साएको रोप मुळासकट उपटते,
पिशवीत घालते, घट्ट गाठ मारते.
"वेडं कसलं? आजारी होतं."
मग हात धुते, दोनदा, साबणाने,
आणि ओल्याच हाताने
त्याच्या केसांना लागलेला भाताचा तूस काढते,
टाचा उंचावून.