पोच

साहेब, मी तातोबा गुरव. वजनकाट्यावर होतो,
अकरा वर्षं, दोन महिने.
नाव नीट लिहा. मागच्या सुनावणीत ‘तात्यासाहेब’ झालं होतं,
आणि कंपनीचे वकील म्हणाले, असा इसमच नाही.

वाघजाईच्या सड्यावर पावसाळ्यात
कान लावला तर पायाखाली पाणी वाजायचं.
जांभा पाणी पितो, साहेब,
मग वर्षभर बेतानं खाली सोडतो,
आठवड्याचा बाजार पुरवून पुरवून वापरावा तसं.
त्या पाण्यावर खाली तीन वाड्या होत्या.
आता दोन आहेत.

माझं काम सोपं.
डंपर काट्यावर चढतो, आकडा थरथरतो, थांबतो.
भरल्या गाडीतनं रिकामी वजा केली की राहतो तो माल.
चोवीस टन आला तर मी सोळा लिहायचो.
हे आधीच सांगतो,
तुम्ही विचाराल म्हणून नव्हे,
कोल्हापूरच्या गाडीत बसल्यापासून घशात अडकलंय म्हणून.

वरचे आठ टन
रात्री घरी दुसऱ्या वहीत लिहायचो.
का, ते मलाही नीट सांगता येत नाही.
धाडस नव्हतं ते. खोड होती.
वडील देवळात बसून
कुणी किती नारळ वाढवले ते भिंतीवर खडूनं मांडायचे,
कुणी विचारत नसताना.

त्या वहीत मालाशिवाय बाकीचंही येत गेलं.
चौदा मार्च. झऱ्याला तांबडं पाणी.
येडग्यांच्या म्हशी तोंड लावेनात.
दोन एप्रिल. टँकर आला, कंपनीचा,
वर कंपनीचंच नाव रंगवलेलं.
सहा मे. बिरू झोरेचं पोरगं, इयत्ता चौथी,
खालच्या वळणावर.
गाडी रिकामी होती. नऊ टन दोनशे.
संध्याकाळी तीच गाडी काट्यावर आली
तेव्हा हात आपसूक गेला बटणाकडं.
नऊ टन दोनशे.
काहीच फरक नाही.

अहवालात लिहिलंय, खडकाळ, पडीक, वनस्पती नाही.
मागं उभी आहे ना, ती बिरूची बायको, ठकूबाई,
ती मघाशी विचारत होती,
मोजायला आलेली माणसं
भादव्यात आली होती का उन्हाळ्यात?
तुमच्या गोंगाटात ऐकू गेलं नसेल.

वकील विचारतात, पगार किती?
नऊ हजार. दिवाळीला मिठाईचा पुडा.
सगुणाच्या ऑपरेशनला उचल, तीही फेडली.
विचारतात, मग तेव्हा गप्प का होतास?
लिहा, गप्प होतो.
लिहा, अकरा वर्षं, दोन महिने.
त्याचा जो दंड असेल तो मला लावा,
पण काट्यावर लावा, साहेब.
मी चढतो. मग तो मॅनेजर चढू दे.
मग ज्यानं सडा कधी बघितला नाही,
नुसता नकाशावर पेन्सिलीनं चौकोन काढला, तो.
ज्याचं जेवढं भरेल तेवढं.

हा बिस्किटांचा डबा. आत सात वह्या.
कागदाला भाताचा वास येईल,
कणगीत खोल पुरल्या होत्या.
कार्बनचं निळं फिकं पडलंय, आकडे लागतात पण.

तुम्ही म्हणता, ठेवून जा, पुढची तारीख कळवू.
ठेवतो की.
शेवटची एसटी साडेसहाला आहे.
चुकली तर चुकली, बसतो इथंच बाकड्यावर,
शिपायानं दिवे घालवले तरी.
मला पोच द्या.
वह्या सात, डबा एक,
शिक्का, सही, आजची तारीख.
खोटी का असेना,
पावतीशिवाय
एक गाडी सोडली नाही मी.