गरज शाबीत

दावा दाखल झाला तेव्हा मी त्यात नव्हते.
वादी एकच : माणिकराव फणसे, दांडिया बाजार, वडोदरा.
ते गेले, मग माझं नाव लागलं,
'मयताचे वारस, १-अ'.
लग्नपत्रिकेनंतर यांच्या नावाला जोडून
माझं नाव छापलं गेलं
ते हे दुसऱ्यांदा.

गरज एका ओळीची होती :
'चिरंजीवांस दातांचा दवाखाना काढणे आहे,
सबब तळमजल्याचा गाळा खाली करून मिळावा.'
चिरंजीव तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला.
कुणाचा एक दातही उपटला नव्हता त्याने अजून.

गाळ्यात हसमुख कंसारा. तराजू दुरुस्त करायचा.
भाडं पासष्ट रुपये, तेही मनीऑर्डरने.
आमच्या जिन्याखाली बसलेला माणूस
रावपुऱ्याच्या पोस्टातून आम्हाला पैसे पाठवी,
आणि पोस्टमन त्याच्याकडे चहा पिऊन
मग वर येई.

न्यायमंदिरात तारखा पडत गेल्या.
एका वर्षी कोर्टानेच ती इमारत सोडली,
कपाटं, पट्टेवाले, आमची फाईल,
सगळं टेम्पोत भरून दिवाळीपुऱ्याला गेलं.
'यांना बरी लवकर जागा खाली करता आली,'
मी म्हटलं.
वकील हसले नाहीत. त्यांना पुढची तारीख लिहायची होती.

निकाल आला चौतीस पानी.
पान एकोणतीस : वादीची गरज शाबीत.
मुलगा त्या दिवशी फतेगंजला
अकरा वर्षं जुन्या, भाड्याच्या दवाखान्यात
कुणाची तरी अक्कलदाढ काढत होता.

चाबुकस्वारांनी झेरॉक्स नेली एक, घोरपड्यांनी दोन.
संक्रांतीचं वाण लुटावं तसा गल्लीने निकाल लुटला.
संध्याकाळपर्यंत सगळे घरमालक
ताठ चालायला लागले होते.
भाडेकरू मात्र आपणहून नमस्कार करत होते,
तो मला बघवेना.

भावेश अमीन पेढे घेऊन आला.
भाडेकरूंसकटची घरं तो
डागी आंब्यांसारखी पाटीने विकत घेतो आणि वाट बघतो.
'काकी, तुमच्या एकोणतिसाव्या पानाने
माझ्या चार घरांचा भाव वर चढवला.
हेही द्या. बानाखत आजच करू.'
म्हटलं, अट आहे रे, दवाखाना झाला नाही
तर कंसारा परत येऊ शकतो.
'एक खुर्ची ठेवायची, काकी. बाहेर पाटी. वर्षभर.
कोण बघतंय?'
किती सोपं होतं. पेढा तोंडात होता,
म्हणून मी बोलले नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

महिना सरायच्या आत मुलाचा फोन.
त्याच्या मालकाने नोटीस दिली होती,
सुनेला ब्युटी पार्लर काढायचंय म्हणून.
'आई, सोबत एक निकाल जोडलाय त्यांनी.'
मग जरा वेळ नुसताच श्वास.
'त्यात तू आहेस. एक-अ.'

म्हणजे खोटी पडलेली गरज
निकालानेच खरी करून दिली.
यावर हसावं की कुणाला तरी सांगावं?
सांगण्यासारखं माणूस
अकरा तारखेला जिना चढून आलं,
सबंध मुदतीत पहिल्यांदाच.

कंसाराने किल्ली ठेवली. शेजारी चोवीस रुपये.
'अकरा दिवसांचं भाडं, फणसेबेन.
तेवीस रुपये त्र्याऐंशी पैसे होतात.'
बसला नाही. पाणी घेतलं.
पाठीमागे गाळ्याची भिंत उघडी होती,
खुंट्यांच्या जागी खुंट्यांएवढी भोकं.

मी डबे उघडले, पर्स झटकली, देवापुढचंही पाहिलं.
पैसे कुठे मिळतात आता.
'राहू दे,' तो म्हणाला, आणि उतरला,
एकेक पायरी तोलून.

भावेश उद्या पुन्हा येणार आहे. मुलगाही.
किल्ली टेबलावरच आहे, मी हलवली नाही.
चौतीस पानं परत वाचली.
माझ्याकडून कंसाराचे सतरा पैसे येणे आहेत,
ते त्यात कुठेच नाही.