इशारा पातळी

कऱ्हाडच्या थोरवतला सगळं माहीत होतं.
बुधवारी रात्री पावणेदोनला
त्यांच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरलं
वीजबिलाची फाइल होऊन.
त्यानं तारा उपटल्या, पहाटेपर्यंत जागला,
आणि सकाळी मॅनेजर म्हणाले,
घरातली गोष्ट घरात.

शुक्रवारी तीच फाइल,
तेच नाव, तीच चूक, 'थकबाकी'चं 'थकबाखी',
आमच्या गणपती पेठेच्या शाखेत उघडली.
कॅशियर मुल्लांनी उघडली,
कारण बिल खरंच थकलं होतं.

कऱ्हाडचं पाणी सांगलीला कधी पोचतं
हे इथं शाळेतल्या पोरालाही ठाऊक.
कोयनेचे दरवाजे किती फूट उचलले,
आयर्विनच्या खांबावर किती चढलं,
चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका.
पुराच्या रात्री अनोळखी नंबरही उचलतो आपण
आणि नाव न विचारता विचारतो,
किती झालं?
पातळी सांगितल्यानं नदीची अब्रू जात नाही.

बँकेची जाते म्हणे.

आता कायद्याचा मसुदा आलाय, एक्केचाळीस पानांचा.
हल्ला दिसला की कळवा, सरकार इतरांना कळवेल,
सद्हेतूनं सांगणाऱ्यावर दावा नाही.
हरकती सोमवारपर्यंत.

चेअरमन मगदूम अण्णांनी तो चष्मा लावून वाचला.
हळदीच्या पेढीवर वाढलेला माणूस;
नखांच्या कडेला अजून पिवळी रेघ.
म्हणाले, वडलांबरोबर बाजारात जायचो तेव्हा
रुमालाखाली हात घालून भाव व्हायचा.
दोन हात, बोटं दाबायची, तोंड बंद.
शेजारी उभा असलेल्यालाही कळायचं नाही.
आता तिसरा हात रुमालाखाली घ्यायचा म्हणता?
घेऊ.
पण तो नुसती आमची बोटं मोजून जाणार,
का आम्हालाही काही दाबून सांगणार?

मला उत्तर आलं नाही.
मी कलम चौदा काढलं.
फाइलचं नाव द्या, वेळ द्या, कुठून आली ते द्या,
'आणि आवश्यक ती अन्य माहिती'.
'अन्य'खाली पेन्सिलीनं रेघ मारली.
एवढ्याशा शब्दात किती मावतं:
कुणाचं मंगळसूत्र तारण आहे,
कुणी मिरजेच्या दवाखान्याबाहेर
एका दिवसात तीनदा पैसे काढले,
मुल्लांच्या मुलीच्या फीचा तिसरा हप्ता.

आयर्विनचा खांब पाणी किती ते सांगतो.
कुणाच्या घरात काय भिजलं
ते सांगत नाही.
एवढंच लिहिलं मी हरकतीत.
अण्णा म्हणाले, सरकारी कागदात खांब कशाला?
आणि सही केली.

कायदा व्हायचा तेव्हा होईल.
दिल्लीला आपली नदी ठाऊक असेल, नसेल.
रविवारी रात्री, कुणाला न विचारता,
जयसिंगपूरच्या बँकेतल्या चौगुले बाईंचा नंबर मिळवला.
ओळख नव्हती.
लिहिलं: वीजबिलाची फाइल येईल. उघडू नका.
थकबाखी. 'की' नाही, 'खी'.
ग्राहकांतलं एकही नाव लिहिलं नाही.

दोन निळ्या खुणा.
बराच वेळ काहीच नाही.
नोकरी जाते का काय, म्हणून मी फोन पालथा ठेवला,
परत सरळ केला.

मग त्यांचा एवढाच मेसेज,
जणू जुलै महिना आहे
आणि त्या खालच्या अंगाला उभ्या आहेत:

तुमच्याकडं किती चढलंय?