कडेचे तुकडे

मिझुए हामागुची एकतीस वर्षं
गोल चकत्यांचे चौकोन करते.

इसाहायाला, खाडीच्या अंगाला, कारखान्यात
पांढऱ्या पोशाखात डोळ्यांपुरतीच उरलेली.
निळ्या चिकटपट्टीवर सिलिकॉनची चकती,
ताटाएवढी, आरशासारखी.
केसाहून बारीक पातं, वर पाण्याची धार,
आधी उभ्या रेघा, मग आडव्या.
आपण पोळी लाटून शंकरपाळे कातावेत, तसंच.
फक्त कडेचं कातरण पुन्हा मळता येतं,
हे नाही येत.

नव्या पोरानं, तात्सुरोनं, डबा खाताना विचारलं:
भिंग गोल. ही चकतीपण गोल.
मग मधल्यामध्ये चौकोन कुणी घुसवला?

पात्यानं, ती म्हणाली. पातं वळत नाही.

मग भात चिवडत:
माझे वडील फोटोसाठी काच कापायचे.
हिऱ्याची एक रेघ, टेबलाच्या काठावर टिचकी.
काच सरळ मोडते. गोल मोड म्हटलं की रुसते.
कागद गोल कापला तर पाव हिस्सा केरात.
आणि फिल्म तर पट्टीच,
दोन्ही काठांना भोकं,
भोकांच्या मधे मावेल तेवढं जग.
चौकोनाला चौकोन खेटून बसतो, बिनतक्रार.
वर्तुळं शेजारी ठेव,
फटी राहतातच.

पोरानं मान हलवली, अंड्याचा शेवटचा तुकडा उचलला.

उरलेलं तिनं सांगितलं नाही.

एकदा दुकानात काळोख करून वडिलांनी
नुसतं भिंग दाराच्या भोकात बसवलं होतं,
समोर पातळ कागद.
कागदावर रस्ता उतरला, गोल आणि उलटा:
मासळीवाला डोक्यावर चालतोय,
सायकल आभाळातून,
आणि पार कडेला, पुसट, जराशी वाकलेली,
चादरी वाळत घालणारी आई.

त्याच दुपारी, त्याच भिंगातून
त्यांनी काचेवर फोटो घेतला.
तो अजून आहे. मासळीवाला आहे, त्याची टोपलीसुद्धा.
आई वर्तुळात होती,
चौकटीत आली नाही.
तुझा पुढच्या खेपेला काढू, म्हणाले होते.

भोंगा झाला.
पट्टीवरून चौकोन उचलले गेले, मोजले गेले.
मागे राहिले कडेचे, एका बाजूनं गोल,
अर्धाच सेन्सर उमटलेले.
नियमाप्रमाणे ते डब्यात टाकायचे, डबा वजन करायचा.

आज तिनं वजन लिहिलं,
आणि झाकण लावायला
जरा वेळ घेतला.