इतिवृत्तात न आलेलं

हजर एकोणीस. कोरम पुरा.
मी सेक्रेटरी, म्हणून वही माझ्याकडे.
प्रतीक्षानगर, ट्रान्झिट कॅम्प, तळमजल्यावरची बालवाडी.
भिंतीवर अननस, आगगाडी,
आणि इ इमारतीचा, पाच मजली, खिडक्यांत फुलं काढलेली.

संस्थेनं पाठवलेली ती मुलगी, शर्वाणी खैरमोडे,
आल्या आल्या म्हणाली, टेबल नको.
तसे इदाते उठून दाराशी जाऊन उभे राहिले.
दहा वर्षं ते टेबलामागे बसत आलेत,
टेबलाशिवाय हात कुठे ठेवायचे त्यांना ठाऊक नाही.

बाकीचे गोल बसलो.
गोल कसला, चेपलेलं पातेलं.
एका टोकाला घोगळे, आमचे खजिनदार,
त्यांच्या दोन्ही अंगांना एकेका माणसाची जागा मोकळी.

लिफ्टचे अकरा हजार गेले कुठे,
हा विषय क्रमांक चार.
तिनं तो घेतलाच नाही.
पिशवी चाचपत म्हणाली, शंख आणते मी एरवी, आज विसरले,
आणि काढलं एक वांगं.
भरताचं. देठासकट.
ज्याच्या हातात हे, तो बोलेल. बाकीचे ऐकतील.
बोलायचं नसेल तर पुढे द्या.
कोणीतरी फिस्सकन हसलं.
मी वहीत लिहिलं, वांगे.
मग खोडलं.

प्रश्न एवढाच:
या इमारतीतल्या पहिल्या रात्री कुठे झोपलात?

द्वारकाबाई म्हणाल्या, जिन्यात. किल्ली भलतीच दिली होती.
पोर तापलेलं. त्या पायरीवर अजून पाय देववत नाही.
नऊ वर्षं आम्ही त्यांना एक पायरी गाळताना बघतोय.
गुडघ्याचं दुखणं समजत होतो.

झुलेखा मुकादम टेम्पोतच झोपल्या, मांजर खाली उतरेना म्हणून.

मुत्तुलक्ष्मी तमिळमध्ये बोलली, पुष्कळ वेळ.
तिच्या मुलानं सांगायला तोंड उघडलं,
पण वांगं तिच्या हातात होतं.
तेव्हा आम्ही ऐकलं, काही न कळता,
वाक्य कुठे संपतं एवढं तिच्या बांगड्यांवरून ओळखत.

घोगळ्यांकडे आलं तोवर देठ मोडायला आला होता.
मी एकटा होतो, म्हणाले. सिंधू केईएमला.
रात्री दोनला वर कोणीतरी पाट्यावर वाटत होतं.
घरर, घरर. थांबायचं, पुन्हा घरर.
त्याच्यावर झोप लागली.
कोण होतं, कधी विचारलं नाही.

वर आम्ही.
माझी आई. नव्या घरात पहिला सकाळचा रस्सा
ताज्या वाटणाचाच हवा, हा तिचा हट्ट.

मी पेन खाली ठेवलं.
कारण अकरा हजारांचं पहिल्यांदा बोललो तो मी,
दुधाच्या पिशव्या घेताना, नुसतं एवढंच,
की "मला असं कळलंय."
कळलं काहीच नव्हतं.

वांगं माझ्या हातात आलं.
कोमट. एका बाजूनं मऊ पडलेलं.
मी पुढे दिलं.

तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.
अजून एक फेरी करू, म्हणाली, वेळ आहे.

त्या फेरीत, ते वाटण माझ्या आईचं, इतकं म्हणालो.
आणि मग, देठाकडे बघत, दुसरं वाक्य.
पंखा खडखडत होता.
घोगळे उठले. वाटलं, चालले.
त्यांनी पंखा एकावर आणला
आणि परत येऊन बसले,
पहिल्या जागी नाही, जरा अलीकडे.
बोलले काहीच नाहीत. वांगं त्यांच्याकडे नव्हतं.

विषय क्र. ४: चर्चा झाली.
रक्कम अद्याप मिळालेली नाही.
रविवारी पावत्या सगळ्यांसमक्ष लावाव्यात, घोगळे यांच्या खोलीत.
चहा सेक्रेटरींकडून.

खाली सह्या. एकोणिसावी इदात्यांची, उभ्यानं केलेली.
दोन्ही फेऱ्यांत ते दाराशीच होते, शब्द नाही.
निघताना मात्र तिला गाठून विचारत होते,
पुढच्या सभेला हेच चालेल,
की मी एक नवीन आणू?