पाथरवटाला सांगायच्या गोष्टी

बस, लांबेर. आधी बूट झटक,
मग काढ तो कोळशाचा तुकडा.
मठाधीशांनी मापं दिलीच असतील तुला:
म्यूझकाठचा काळा दगड, सात फूट,
हात जोडलेले, पायाशी सिंह.

सिंह नको.
गोतिएने जन्मात सिंह पाहिला नव्हता.
ढालीवर होता, तोही रंगाऱ्याने
स्वयंपाकघरातल्या बोक्यावर नजर ठेवून काढलेला.
पायाशी कुत्री घाल, ब्रुनेत,
एकाच कानाची. दुसरा रानडुकराने नेला.
ती आमच्या पलंगावर झोपायची, मधोमध,
आणि मी भिंतीकडच्या अंगाला.

हात जोडायचे तर जोड,
पण उजव्याला करंगळी नव्हती.
लढाईत गेली, असं तो पाहुण्यांना सांगे.
मला सांगितलं, पाणचक्कीत गेली,
चक्कीवाल्याशी पिठाच्या करावरून भांडताना.
मी ती सुईच्या डबीत घालून
पेअरच्या झाडाखाली पुरली.
त्या वर्षी पेअर कुणाच्याच तोंडात जाईनात.

चेहरा?
चेहऱ्याचं मला नको विचारूस.
लग्नात मी तेरा वर्षांची, तो तिशीचा.
पहिली तीन वर्षं मी त्याच्या कमरपट्ट्याशीच बोलले;
बक्कल सांगू? बक्कल तंतोतंत सांगते.
मग तो खांद्यावर क्रूस शिवून समुद्रापार गेला,
आला तो छातीभर दाढी घेऊन.
दाढीखाली कोण परत आलं, मी विचारलं नाही.
झोपेत पाणी मागायचा तिकडच्या भाषेत,
इथे कुणालाच ती येत नव्हती.
मी तेवढा एकच शब्द शिकले.

कडेला मुलं हवीत ना, रांगेने, वीतभर उंचीची?
तुला लिहिता येत नाही, तर रेघा मार.
रेनो, थोरला. गढी आता त्याची.
बापाच्या खुर्चीत अजून अर्धाच बसतो.
ओद. नवव्या वर्षी दिली नामूरकडे,
हुंड्यात दोन कुरणं आणि ती पाणचक्की.
चक्की द्यायचं मीच सुचवलं होतं.
पोरगी लाकडी घोडा विसरून गेली,
निरोपावर निरोप आले, मी पाठवला नाही.
तिबो मठात. डोकं भादरलं तेव्हा कळलं,
कान हुबेहूब बापाचे.
आणि चार रेघा आखूड मार.
नावं मिळाली त्यांना, वापरायला सवड नाही मिळाली.
एकीचे केस तांबडे होते.
दगडात तांबडं येत नाही, ठाऊक आहे मला.

अजून एक रेघ मार.
खाली तुझं गाढव ज्याने बांधून घेतलं, तो कोलार.
त्याची चाल पाहिलीस?
चक्कीवाल्याच्या बायकोचा.
आता कळलं ना, करंगळी कशावरून गेली.
रेनो म्हणेल, त्याला दगडावर जागा नाही.
मठाधीश लॅटिनमध्ये तेच म्हणतील.
तू असं कर: कडेने द्राक्षाची वेल कोरशीलच,
तिच्या पानाआड एक टाच दाखव.
एवढंच. अनवाणी.
शेवटच्या आठ रात्री गोतिएला कुशीवर वळवायला
तोच होता. रेनो किल्ल्या मोजत होता.

माझी जागा मोकळी ठेव.
मला इतक्यात कोरू नकोस,
मेंढरं कातरायची राहिलीत,
लिएजहून मीठ आलेलं नाही,
आणि तुझे पैसे कुठून द्यायचे तेही बघायचंय.
पण जागा ठेवशील ती भिंतीकडची ठेव.
सवय आहे.
कुत्रीला मात्र या खेपेला
पायाशीच बसव.