उदक जाय?

एर्मेलिंदा लेकाकडे लिस्बनला निघाली
तेव्हा पिंजरा आमच्या सोप्यावर ठेवून गेली.
"चारच महिने गो, शांतल."
आता दुसऱ्यांदा काजू पिकले.

आधी छाती उघडी पडली, मग मांड्या.
राखाडी पिसं रोज केरात.
खाली गुलाबी कातडी,
कोवळ्या फणसासारखी काटेरी.

लोटलीहून फोंड्याला बसने, पिंजरा मांडीवर.
डॉक्टरांनी भिंग लावलं:
उवा नाहीत, बुरशी नाही.
हळद लावू नका म्हणाले, तेलही नको.
"झोपतो किती? उजेड कुठून येतो?
याच्याशी बोलतं कोण?"
मी म्हटलं, टीव्ही असतो की दिवसभर.

तिन्हीसांजेला तो खोकतो.
एर्मेलिंदाच्या नवऱ्याचा तो ओला, लांबलेला खोकला;
माणूस जाऊन तीन वर्षं झाली.
आणि लगेच तिच्या आवाजात: "उदक जाय?"
मग मान वाकडी करून थांबतो.
कोणी काही बोललं नाही
की चोच छातीत.

काल मी म्हटलं, "जाय."
माझं मलाच कसंसं झालं.
त्यानं बराच वेळ पाहिलं माझ्याकडे,
एक पीस चोचीत धरलेलं,
ओढलं नाही.

मग ओढलं.